महिन्याचे शेवटचे दहा दिवस : थोड्या पैशात घरचा किराणा कसा पुरवायचा

आठवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना आम्ही मुलींना एक काम दिलं होतं. आठवडाभर घरात जो किराणा येईल तो वहीत मांडायचा. काय आणलं, किती आणलं, किती रुपये गेले. पुस्तकातल्या आंब्याच्या पेट्या आणि व्यापाऱ्याचा नफा-तोटा यापेक्षा घरातलं गणित मुलींना जवळचं वाटेल, एवढाच हेतू. आमची शाळा नांदेडच्या देगलूर नाक्याकडच्या वस्तीत आहे. वर्गातल्या बहुतेक मुलींचे वडील ऑटो चालवतात, मोंढ्यात हमाली करतात, गवंड्याच्या हाताखाली जातात किंवा गाड्यावर फळं विकतात.

वह्या परत आल्या. एका वहीत सात दिवसांत तेल सहा वेळा आलेलं होतं. दर वेळी वीस रुपयांचं. तुरीची डाळ आदपाव-आदपाव करून सहा वेळा. चहापत्तीच्या दहा रुपयांच्या पाच पुड्या. साखर दहा-दहा रुपयांची, चार वेळा. खाली त्या मुलीने स्वतःहून लिहिलं होतं, "अब्बा रोज पैसे आणतात म्हणून अम्मी रोज सामान आणते."

हा लेख त्या वहीतून निघाला आहे. काटकसर करा, फिजूलखर्ची टाळा, असा सल्ला गरिबाला सगळेच देतात. जुम्म्याच्या बयानातही तो असतो, बचत गटाच्या बैठकीतही असतो. पण ज्या घरात उधळायला काही नाहीच, त्या घरातल्या बाईला इस्राफ करू नको म्हणून काय सांगायचं? तिला हे कळायला हवं की पैसा नेमका कुठून गळतो, आणि त्यातली कोणती गळती तिच्या हाताने बंद होण्यासारखी आहे. सगळीच नाही होत. पण काही होते.

पुडीचा हिशोब

त्या मुलीच्या वहीवरून आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. भाव आमच्या गल्लीतले, गेल्या महिन्याचे. तुमच्याकडे दोन-पाच रुपये इकडे-तिकडे असतील.

वीस रुपयांत सुटं तेल मिळतं १०० ग्रॅम, म्हणजे किलोला २०० रुपये पडले. तेच तेल एक लिटरच्या पुड्यात १४५ रुपयांना आहे. आता लिटर म्हणजे किलो नव्हे, हे इथेच लक्षात ठेवावं. तेल पाण्यापेक्षा हलकं, एका लिटरमध्ये ते साधारण ९१० ग्रॅमच भरतं. तरी किलोचा भाव निघतो १५९ रुपये. किलोमागे ४१ रुपयांचा फरक. पाच माणसांच्या घरात महिन्याला अडीच किलो तेल धरलं तर शंभर रुपये नुसते पुडीचे गेले.

आदपाव डाळ १८ रुपयांना, म्हणजे १४४ रुपये किलो. पूर्ण किलो घेतली तर १२५. महिन्याला तीन किलोवर ५७ रुपये. चहाची २५ ग्रॅमची पुडी दहा रुपयांना, म्हणजे ४०० रुपये किलो. अर्धा किलो एकदम घेतली तर १४० रुपये. इथे ६० रुपये गेले. साखर दहा रुपयांत २०० ग्रॅम, म्हणजे ५० रुपये किलो, एरवी ४४. तीन किलोवर १८ रुपये.

सगळी बेरीज २३७ च्या घरात जाते. चार वस्तूंवर, एका महिन्यात. मुलींनी त्याचा हिशोब लावला, एवढ्यात जवळपास दोन किलो डाळ येते. म्हणजे ज्या घरात डाळ पुरत नाही, त्या घराने दोन किलो डाळीचे पैसे फक्त थोडं-थोडं घेतल्यामुळे दुकानात सोडले. दुकानदार लबाड आहे असं आम्ही म्हणत नाही. कागद, पिशवी, तोलायची मेहनत, उधारीची जोखीम त्यालाही असते. पण पैसा जातो तो बाईच्या पदरचा.

"मग एकदम का घेत नाहीत?" असं एका मुलीनेच विचारलं. दुसरी लगेच म्हणाली, "एकदम पैसे कुठे असतात?" खरं आहे. रोज चारशे-पाचशे आणणाऱ्याच्या हातात एका दिवशी हजार रुपये कधीच नसतात. असलेच तर मंगळवारी फायनान्सच्या गटाचा हप्ता उभा असतो. हप्त्याला उशीर चालत नाही, शेजारणी दारात येऊन बसतात. डाळीला उशीर चालतो. म्हणून आधी हप्ता जातो आणि वीस तारखेनंतर वरण पातळ होत जातं.

यावर आमच्या वस्तीतल्या काही बायकांनी जे केलं ते सांगतो. चार घरांनी मिळून भिशी लावली, पण नगदी पैशांची नव्हे, सामानाची. दर आठवड्याला प्रत्येकीचे शंभर. चारशे रुपयांत एका घराचं महिन्याचं तेल किंवा डाळ मोंढ्यातून एकदम येते. पुढच्या आठवड्यात दुसरीची पाळी. पैसे घरी नेले की मोडतात, डाळ नेली की शिजते, असं त्यातल्या एकीचं म्हणणं. दुसरा मार्ग लाडकी बहीण योजनेचा. जुलै २०२४ पासून ज्यांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात, त्यांनी ते आले त्याच दिवशी तेलाचे तीन पुडे, तीन किलो डाळ, अर्धा किलो चहा आणि तीन किलो साखर घेतली तर १,०८२ रुपये होतात. चारशेच्या वर हातात उरतात. अडचण एवढीच की हे पैसे अमुक तारखेलाच येतील याचा भरवसा नाही, आणि पडताळणीत नाव गळालं तर येतच नाहीत. त्यामुळे त्या पैशावर उधारी करू नये. आले की सामान भरावं, बस.

रेशन : पाच किलो म्हणजे किती रुपये

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात दोन प्रकारचे लाभार्थी आहेत. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य, आणि अंत्योदय कुटुंबाला माणसं कितीही असोत, ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, आणि जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षं ते मोफतच ठेवण्याचा केंद्र सरकारचा निर्णय आहे. म्हणजे दुकानात या धान्याचे पैसे मागितले तर ते द्यायचे नसतात. अंत्योदयवाल्यांची किलोभर साखर वेगळी, तिचे २० रुपये लागतात.

पाच नावांच्या कार्डावर २५ किलो धान्य येतं. बाजारभावाने धरलं तर आठशे रुपयांच्या वर. त्यातलं एक नाव कमी असेल तर महिन्याला १६५ रुपये, वर्षाला दोन हजारांच्या जवळपास नुकसान. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरात सात माणसं आणि कार्डावर चार नावं होती. धाकटी तीन मुलं कार्ड निघाल्यानंतर जन्मली, त्यांची नावं कुणी घातलीच नाहीत. तिची अम्मी म्हणाली, "टीचर, जितना मिलता उतना ले लेती मैं, कौन चक्कर मारता?" एक दिवस ऑफिसला जायचं म्हणजे एक दिवसाची धुणीभांडी बुडतात, मालकीण बोलते. बाई चुकीचं बोलत नव्हती. पण तीन नावं म्हणजे महिन्याला १५ किलो धान्य. आम्ही दोघा-तिघा शिक्षकांनी मुलांचे जन्मदाखले, आधार सगळं गोळा करून अर्ज भरून दिला. दोन फेऱ्यांत काम झालं नाही, चौथ्या फेरीत झालं. मधल्या दोन फेऱ्यांत एकदा सर्व्हर बंद होता आणि एकदा दाखल्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं होतं. हे स्पेलिंगचं दुखणं आपल्याकडे फार आहे. शेख कुठे आधी, कुठे नंतर. बेगम एका कागदावर आहे, दुसऱ्यावर बी आहे. मूल शाळेत घालतानाच सगळीकडे एकसारखं नाव लिहून घ्यावं, पुढचे अर्धे चकरा वाचतात.

आणखी तीन गोष्टी. एक, कार्डातल्या प्रत्येक माणसाचं ई-केवायसी झालंय का ते दुकानात मशीनवर बघून घ्यावं. म्हाताऱ्यांचे, विडी वळणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या बायकांचे अंगठे उमटत नाहीत; तेव्हा आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. दोन, ऊसतोडीला किंवा पुणे-हैदराबादला कामाला गेलेल्या माणसाला आपल्या वाट्याचं धान्य तिथल्या रेशन दुकानातही उचलता येतं, एक देश एक रेशनकार्ड योजनेत. तीन, तक्रारीसाठी १९६७ हा नंबर आहे.

पण ज्यांचं नावच यादीत नाही त्यांचं काय? इथे कायद्याची मेख आहे. शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये, ग्रामीण भागात ४४,०००. रोज चारशे रुपयांप्रमाणे महिन्यात वीस दिवस काम लागलेल्या हमालाचे वर्षाला ९६,००० होतात. म्हणजे कागदावर तो मर्यादेच्या वर गेला. त्यात राज्याचा कोटा २०११ च्या जनगणनेवर ठरलेला, सात कोटींच्या आसपास लोकांचा. त्यानंतर लोकसंख्या वाढली, कोटा तिथेच. कुणाचं नाव कमी झालं तरच नवं नाव बसतं. म्हणून "अर्ज दिला पण धान्य सुरू नाही" ही तक्रार प्रत्येक गल्लीत ऐकू येते.

केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांची गोष्ट वेगळी. नांदेड, लातूर धरून आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या अशा शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून दोन रुपये किलोने गहू आणि तीन रुपये किलोने तांदूळ मिळत होता. तो बंद होऊन २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात देण्याचं ठरलं, पुढे ते १७० झाले. आजच्या भावात एवढ्यात जेमतेम पाच किलो गहू येतो. भाव वाढले की तेवढाही येणार नाही. धान्य मिळण्यात आणि धान्याचे पैसे मिळण्यात हा फरक आहे.

"प्लास्टिकचा तांदूळ"

रेशनच्या तांदळाबद्दल एक गैरसमज आमच्या इथे घरोघर आहे. तांदूळ निवडताना त्यात मधूनच काही दाणे जरा वेगळ्या रंगाचे, एकसारखे, घट्ट दिसतात. पाण्यात टाकले तर काही वर तरंगतात. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी फिरवलं की हा प्लास्टिकचा तांदूळ आहे. तेव्हापासून बायका ते दाणे निवडून बाहेर फेकतात. एका घरात तर वाटीभर साठवून आम्हाला दाखवले.

ते प्लास्टिक नाही. तांदळाचं पीठ करून त्यात लोह, फोलिक अॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात आणि यंत्रातून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात. शंभर किलो साध्या तांदळात असे एक किलो दाणे घालतात. याला फोर्टिफाइड तांदूळ म्हणतात आणि २०२४ मध्ये देशभर रेशनचा सगळा तांदूळ असाच येत होता. म्हणजे त्या पोत्यात सर्वांत कामाचा भाग कोणता असेल तर तो फेकलेला दाणा. आपल्या मुलींना रक्त कमी असतं, वर्गात सकाळी डोकं धरून बसतात. त्यांच्या आया लोहाच्या गोळ्यांसाठी दवाखान्यात जातात आणि घरी तेच लोह निवडून कचऱ्यात टाकतात. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावं. बाकीच्यांनी तो तांदूळ दोनच पाण्याने धुवावा आणि पेज काढून फेकू नये.

दुसरी गोष्ट तांदूळ विकण्याची. गल्लीत सायकलवर, टेम्पोवर माणसं येतात आणि रेशनचा तांदूळ किलोला पंधरा-वीस रुपयांनी घेऊन जातात. हे बेकायदेशीर आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तरी लोक विकतात, कारण आपण मराठवाड्याची माणसं, भाकरी-रोटीवर वाढलेली, एवढा भात खात नाही; आणि तेलाला नगद लागतं. पण हिशोब बघा. वीसने विकून पुन्हा बत्तीसने गहू घ्यायचा. दहा किलोमागे १२० रुपये गेले. त्यापेक्षा तांदूळ दळून भाकरीच्या पिठात मिसळावा, तांदळाच्या रोट्या कराव्यात. आणि खिचडी-खट्टा तर आपलाच आहे, निजामी राजवटीपासून आपल्या दस्तरखानावर बसलेला. मसूर घालून खिचडी, चिंचेचा खट्टा, वर तीळ-शेंगदाण्याचं कूट. चिंच लातूरकडे झाडाखाली पडते. पानचिंचोलीच्या चिंचेला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

डाळ आमची, भाव कुणाचा

आमची मोठी बहीण लातूरला दिली आहे, गंजगोलाईजवळ. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात तो हा बाजार. त्याचा आराखडा फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने केला आणि मधली इमारत १९१७ ची. लातूरचा मोंढा तूर आणि सोयाबीनसाठी देशभर ओळखला जातो. डाळमिल जिकडे-तिकडे. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीलाही मानांकन आहे. अन् त्याच लातुरात बहीण फोनवर सांगते, या महिन्यात तूर आणलीच नाही, मसूरवर भागवतेय.

लोक आम्हाला विचारतात, आपल्या शेतात पिकतं मग आपल्यालाच महाग का? तेलाचं उदाहरण घेऊ. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि शेतकऱ्यांनी आडतीत त्याहून कमी भावाने माल घातला. म्हणजे पिकवणारा रडतोय. तरी तेल स्वस्त नाही. कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं: पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. पुड्याचा भाव तिथल्या बाजारावर आणि दिल्लीतल्या आयात शुल्कावर ठरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं, तेव्हा सणाच्या तोंडावर पुडा महागला. मे २०२५ च्या शेवटी ते १० टक्क्यांवर आणलं. आपल्या गल्लीतला दुकानदार यात कुठेच नाही.

हे आपल्या हातात नाही. हातात काय आहे? कोणती डाळ, एवढंच. आम्ही वर्गात एक तक्ता केला, एक ग्रॅम प्रथिनं किती पैशांना पडतात याचा. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, अंडं सात रुपयांना, म्हणजे ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत-बाहेर. तूरडाळ ५७ पैसे. शेंगदाणे ५२. मसूर ३७. आणि सोयाबीनच्या वड्या २३ पैसे, कारण त्यात निम्मं वजन प्रथिनांचंच असतं. मुलींना धक्का बसला. सोयावडी म्हणजे गरिबाचं खोटं गोश्त, पाहुण्यापुढे ठेवायची नाही, असं घराघरात आहे. खाटकाकडच्या मसाल्यात केली तर लहान मुलं मागून खातात, एवढं आम्ही स्वतःच्या घरच्या अनुभवावरून सांगतो. घरचं सोयाबीन असेल तर ते कच्चं कधीच दळू नये. आधी उकडून, वाळवून, मग नऊ किलो गव्हाला एक किलो या मापाने घालावं. कच्चं पचत नाही, पोट बिघडतं.

जोंधळ्याचं तर उलटंच झालं. आमच्या लहानपणी गव्हाची रोटी सणाची आणि ज्वारीची भाकरी रोजची, गरिबाची. आता गहू बत्तीस आणि ज्वारी चाळीस. शेतं सोयाबीनखाली गेली, ज्वारी मागे पडली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी काढली आहे, पण ती आमच्या वस्तीतल्या दुकानात अजून आम्हाला दिसलेली नाही. ज्यांचं गावाशी नातं आहे त्यांनी सुगीत, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, नातेवाइकांकडून पायलीने जोंधळा घेऊन ठेवावा. कडुलिंबाचा पाला घालून कोठीत ठेवला की टिकतो.

गोश्ताबद्दल थोडं. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. तोवर कमी पैशात मिळणारं मोठ्याचं गोश्त हा आपल्या गरीब घरांचा आधार होता, तो आटला. बकऱ्याचं सातशेच्या पुढे, ते घ्यायची हिंमत कोण करतो? मग आपल्या अम्मी-नानीचा दालचा कामी येतो. पाव किलो हाडाचं गोश्त, अर्धा किलो दुधी, पाव किलो चण्याची डाळ, चिंच. आठ माणसं जेवतात. गोश्त नसेल तर नुसत्या हाडांवरही होतो. पण अंबाड्याची भाजी मिळते त्या दिवसांत ती घालावीच, लोह तिच्यातही आहे.

पाच रुपयांचा पुडा

वह्यांमध्ये आम्हाला सर्वांत मोठी गळती दिसली ती तेलात नव्हती. बिस्किटाचे पुडे आणि कुरकुरीत पाकिटं. दोन मुलं, प्रत्येकी रोज दहा रुपये. महिन्याचे सहाशे. घरातल्या सगळ्या डाळीला ३७५ लागतात, आणि पाकिटांना सहाशे! पाकिटावर किंमत पाच रुपयेच राहते, आतले ग्रॅम दर वर्षी कमी होतात. मुलींना आम्ही ग्रॅम वाचायला शिकवलं. पाकिटावर ग्रॅममागचा किंवा किलोमागचा दरही छापावा लागतो, तोही शोधून काढायला लावला.

आईला दोष देणं सोपं आहे. ती सकाळी सहाला कामावर निघते, मूल रडतं, पाच रुपयांत शांत होतं. शंभर रुपयांची कोणतीही मागणी ती पुरी करू शकत नाही, पाचची करू शकते. म्हणून ती बंद करा असं म्हणून काही होत नाही. एका आईने मधला रस्ता काढला: जुम्म्याला पाकीट, बाकी दिवस भाजलेले शेंगदाणे आणि गूळ मुठीत देऊन शाळेत पाठवायचं. पहिला आठवडा फार रडारड झाली म्हणाली.

शाळेतल्या जेवणाचाही विचार किराण्यात धरायला हवा. पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ, पहिली ते पाचवीला १०० आणि २० ग्रॅम. आता वर सांगितलेल्या घराचं बघा. तीन किलो डाळ, पाच माणसं, तीस दिवस: माणशी रोज वीस ग्रॅम. म्हणजे पहिलीच्या मुलाला शाळेत एका वेळी जेवढी डाळ मिळते तेवढी त्या घरात मोठ्या माणसाला दिवसभरात मिळते. काही पालक खिचडी नको म्हणतात, मुलाला डबा देतात, डब्यात रोटी-अचार असतो. त्यांना आम्ही सांगतो, शाळेतलं खाऊ द्या. आणि मे महिन्यात शाळा बंद असते तेव्हा दोन मुलांचं एक वेळचं जेवण घरावर येऊन पडतं, एप्रिलमध्येच थोडी डाळ बाजूला ठेवावी. लातूरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पाण्याचेही पैसे लागतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते सगळ्यांना आठवतं. त्या वर्षी टँकरचे आणि घागरीचे पैसे किराण्यातूनच गेले, असं बहीण आजही सांगते.

गॅसचं थोडक्यात. उज्ज्वलाच्या सिलिंडरवर ३०० रुपये सबसिडी आहे, आणि २०२४ च्या अन्नपूर्णा योजनेत पात्र बायकांना वर्षाला तीन सिलिंडरचे पैसे परत मिळतात. खात्यात येतात का ते पासबुक भरून बघावं. चणे, राजमा, हुलगे रात्री भिजत घातले की कुकरच्या निम्म्या शिट्ट्या वाचतात.

रमजानच्या किटबद्दल

रमजानमध्ये खर्च वाढतो. तळणाचं तेल, फळं, खजूर, शेवया. फळांचे भाव पहिल्या रोज्यालाच चढतात. शाबानमध्ये बेसन, साखर आणि तेल घेऊन ठेवलं तर थोडं वाचतं, पण त्यासाठी आधी पैसे पाहिजेत, पुन्हा तेच.

देणाऱ्यांशी मात्र बोलायचं आहे. आपल्या वस्त्यांत जकात आणि सदक्यातून रमजानमध्ये रेशन किट वाटले जातात. चांगलं काम आहे, अल्लाह कबूल करो. पण आम्ही बघतो, एकाच विधवेच्या घरी चार तंजीमांचे चार किट येतात, वीस किलो पीठ, दहा किलो साखर. तिला ते ठेवायला जागा नसते, ती अर्धं विकून टाकते. आणि सफरच्या महिन्यात तिच्या घरी डाळ नसते. पीठ आणि तांदूळ तर तिला रेशनमधूनही मिळतो. तिला कमी पडतं ते तेल, डाळ, चहा, मसाला आणि गॅस. चार तंजीमांनी मोहल्ल्याची एक यादी केली, आणि किटाचे पैसे बारा महिन्यांत वाटून दर महिन्याच्या वीस तारखेला दोन लिटर तेल आणि दोन किलो डाळ पोचवली, तर तेवढ्याच रकमेत जास्त होईल. मस्जिदीच्या कमिटीत हे आम्ही दोनदा मांडलं. एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, सवाब रमजानमध्ये सत्तर पट असतो, मग लोक बाकीच्या महिन्यांत कशाला देतील? आम्ही म्हणालो, जमा रमजानमध्येच करा, वाटा वर्षभर. जकातीचं वाटप असं लांबवता येतं का हा मसला त्यांनी मुफ्तीसाहेबांकडे पाठवला आहे. सदका-खैरातीच्या पैशावर तर तो प्रश्नही येत नाही, म्हणून तेवढ्यावर पाच घरांपासून सुरुवात करायचं ठरलं.

उधारीच्या वहीबद्दल शेवटचं. दुकानदाराची वही असते तशी आपलीही असावी. आठवीतली मुलगी असेल तर तिच्या हातात द्या, तारीख, वस्तू, वजन, रुपये. वजन लिहायला विसरू नका, भांडण नेहमी तिथेच होतं. ज्या मुलीच्या वहीपासून आम्ही सुरुवात केली, तिने पुढच्या महिन्यातही वही चालू ठेवली, आम्ही सांगितलं नव्हतं तरी. मधे एका पानावर लिहिलंय : "तेल, १ लिटर पुडा, १४५. अम्मीने खालाकडून ५० उसने घेतले." आणि चार दिवसांनी : "खालाचे २० दिले, ३० बाकी."